सायकलचा मागचा दिवा: निवड, जोडणी आणि देखभाल

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर पुढे सरकते. तुम्ही त्याच दिशेने ताशी २० ने चालला असाल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने घटतं. चालकाला तुम्ही ५० मीटरवर दिसलात तर त्याच्या हातात तीन सेकंद उरतात, आणि त्यातला एखाद-दीड सेकंद ‘पुढे नेमकं काय आहे’ हे कळण्यातच जातो. तेच २०० मीटरवरून दिसलात तर बारा सेकंद. मागच्या दिव्यावर पैसे खर्च करायचे ते मधल्या नऊ सेकंदांसाठी.

२८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नेरुळजवळ याच रस्त्यावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांच्या सायकलला कॅबने मागून धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. दिवा लावला की अपघात टळतोच, असा दावा कोणी करू नये. जो चालक पुढे बघतोय त्याला आपण लवकर दिसावं, एवढंच दिव्याचं काम.

मागच्या दिव्याची एक अडचण पुढच्याला नसते. तो चालू आहे, मंद झालाय, खाली झुकलाय की वाटेत पडलाय, हे सायकल चालवणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून मागचा दिवा निवडताना चमक ही दुसऱ्या नंबरची गोष्ट. घरून निघताना लावला तसाच तो घरी पोचेपर्यंत राहील का, हा पहिला प्रश्न.

आधी आपला रस्ता ठरवा

दुकानात जायच्या आधी नेहमीचा रस्ता आणि वेळ कागदावर लिहा. एकच दिवा सगळीकडे सारखा चालत नाही.

ठाण्यातल्या येऊरच्या चढावर पहाटे काळोख असतो. मागे दुसरा उजेडच नसल्याने २० ते ३० लुमेनचा (लुमेन हे प्रकाशाचं माप) स्थिर लाल दिवाही लांबून उठून दिसतो. तिथे अडचण वळणांची. दिव्याचा झोत अरुंद असेल तर वळणावर तो झाडांकडे तोंड करतो आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. येऊरसाठी कमी लुमेन पण रुंद पसारा असलेला दिवा घ्या.

ठाण्यातल्याच घोडबंदर रोडचं गणित उलटं. संध्याकाळी माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रो-४ च्या खांबांशेजारी ब्रेकलाइटचा लाल समुद्र असतो. त्यात ३० लुमेनचा स्थिर ठिपका हरवून जातो. इथे ६० लुमेनच्या पुढचा आणि लुकलुकणारा दिवा हवा, शिवाय बाजूने दिसणारा. कारण सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्याला लागताना गाड्या तुमच्या पाठीशी नाही, तिरक्या येतात.

पाम बीचवर हिवाळ्यात आणखी एक भानगड होते. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास. वाशीहून बेलापूरकडे, म्हणजे आग्नेयेला जाताना कोवळं ऊन थेट चालकाच्या डोळ्यांत येतं. त्या अर्ध्या तासात ‘आता उजाडलं’ म्हणून दिवा बंद करणं सगळ्यात महागात पडू शकतं. उन्हाशी झुंजायला १०० लुमेनच्या आसपासचा दिवसाचा फ्लॅश मोड लागतो. उरणकडच्या रस्त्यांवर ट्रेलर आणि धूळ. तिथे काच रोज पुसावी लागते, मग दिवा कितीही भारी असो.

लुमेनचा आकडा कसा वाचायचा

लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा प्रकाश. तो किती कोनात पसरलाय हे त्यातून कळत नाही. १०० लुमेन चिंचोळ्या झोतात कोंबले तर सरळ मागच्याच्या डोळ्यांत खुपतात आणि तिरक्या दिशेने येणाऱ्याला दिसत नाहीत. तेच १०० लुमेन चांगल्या भिंगातून रुंद पसरले तर कमी झगझगीत वाटतात, पण जास्त उपयोगी पडतात. भिंग काठापर्यंत उघडं आहे की काळ्या प्लास्टिकच्या खोबणीत आत बसवलंय, ते बघा. आत बसवलेलं असेल तर बाजूचा प्रकाश गेला.

आता खोट्या आकड्यांबद्दल. ऑनलाइन ‘१००० लुमेन’ लिहिलेले, आगपेटीएवढे मागचे दिवे सर्रास मिळतात. बॅटरी बघा: बहुतेक ३३० मिलिअँपिअर-अवर. लिथियम सेलचा व्होल्टेज ३.७ धरला तर साठा झाला साधारण १.२ वॅट-तास. लाल एलईडीने वॅटमागे १०० लुमेन दिले असं उदार मनाने धरलं, तरी १००० लुमेनला १० वॅट लागतील. म्हणजे बॅटरी सात मिनिटांत संपली पाहिजे. डब्यावर मात्र ‘६ तास’ छापलेलं असतं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतो, आणि निम्मे दिवे तिथेच बाद होतात.

प्रामाणिक कंपनी प्रत्येक मोडसमोर लुमेन आणि तास वेगवेगळे लिहिते. तरीही एक मेख आहे. टॉर्च-दिव्यांच्या प्रचलित एफएल-१ मापनपद्धतीत ‘चालण्याचा वेळ’ मोजतात तो चमक सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘५ तास’ लिहिलेल्या दिव्याचे शेवटचे दोन तास नुसतं निखाऱ्यासारखं मिणमिणणंही असू शकतं. काही दिव्यांत चमक शेवटपर्यंत सारखी ठेवणारं सर्किट असतं, काहींत नसतं. डब्यावर हे क्वचितच लिहितात. ते घरी तपासायचं, त्याची रीत पुढे दिली आहे.

तुमच्या फेरीला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट चालेल असा मोड धरूनच दिवा निवडा. ठाणे ते बेलापूर जाऊन-येऊन तीन तास लागत असतील, तर ज्या मोडमध्ये तुम्ही खरोखर चालवणार त्यात किमान सहा तास हवेत. बॅटरी दोन वर्षांत थकते, तेव्हा हा वाढीव हिशेब कामी येतो.

बटण-सेलवर चालणारे छोटे रबरी ब्लिंकर सोसायटीच्या आवारात मुलांना ठीक. मुख्य रस्त्यावर त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

स्थिर की लुकलुकता

हा वाद सायकलवाल्यांत कधीच मिटत नाही. लुकलुकणारा दिवा लक्ष पटकन वेधून घेतो, पण अंधारात तो किती लांब आहे आणि आपण त्याच्या किती वेगाने जवळ येतोय, हे चालकाला नीट जोखता येत नाही. दोन लुकलुकींच्या मधल्या काळोखात दिवा कुठे सरकला ते कळत नाही. स्थिर दिव्याने अंतर कळतं, पण तो गर्दीत विरघळतो. आमचा सरळ सल्ला: दोन दिवे लावा. मोठा सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, दिवसा फ्लॅशवर आणि रात्री स्थिर किंवा मंद-तेज होणाऱ्या पल्स मोडवर. छोटा दुसरा हेल्मेटच्या मागे किंवा सीटस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाच्या तिरक्या दांडीवर, नेहमी उलट मोडमध्ये. एक विझला तरी दुसरा असतो, आणि विझल्याचं आपल्याला कळणार नसतं म्हणूनच ही दुसऱ्याची सोय. दोनशे लुमेनचा एक घेण्यापेक्षा पन्नासचे दोन केव्हाही बरे.

फडफडणारे अतिवेगवान स्ट्रोब मोड टाळा. मागच्याला त्रास होतो आणि रागावलेला चालक काही आपल्या भल्याचा नसतो. ग्रुप राइडमध्ये तर मागच्या सायकलवाल्याच्या तोंडापासून दीड-दोन मीटरवर तुमचा दिवा असतो. शेवटच्या माणसाने फ्लॅश लावावा, बाकी सगळ्यांनी सर्वांत मंद स्थिर मोड.

ब्रेक लावल्यावर आपोआप उजळणारे दिवे हल्ली बरेच आले आहेत. आत वेगातला फरक ओळखणारा सेन्सर असतो. आपल्याकडचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉक यांना तो ब्रेकच समजतो आणि उगाच भगभगत राहतो. फुकट मिळत असेल तर असू द्या, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. रस्त्यावर लाल लेझरच्या रेषा मारणारे दिवे तर सोडूनच द्या. ओल्या डांबरावर आणि पथदिव्यांखाली त्या रेषा दिसत नाहीत.

रडारवाले दिवे मात्र खरंच कामाचे. उदाहरणार्थ, गार्मिनचा वारिया आरटीएल-५१५ मागून येणारी गाडी १४० मीटरपर्यंत ओळखून हँडलवरच्या संगणकाला किंवा मोबाइलला कळवतो. दिवसाच्या फ्लॅशमध्ये तो ६५ लुमेन देतो आणि १६ तास चालतो. पाम बीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतो. घोडबंदरला सतत गाड्या मागे असतात, तिथे तो अखंड पीं-पीं करत राहतो आणि दुसऱ्याच दिवशी आवाज बंद केला जातो.

पाऊस

दिवा किती पाणी सोसतो ते डब्यावरच्या ‘आयपीएक्स’ आकड्यावरून कळतं. आयपीएक्स-४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतो. आयपीएक्स-६ म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलेला. ७ मध्ये ६ आपोआप धरलेला नसतो. बुडण्यात टिकलेला दिवा फवाऱ्यात गळूही शकतो. मागच्या दिव्याला खरा मार चाकावरून उडणाऱ्या पाण्याचा बसतो, म्हणून जुलैत चालवणार असाल तर ६ बघा, किंवा दोन्ही लिहिलेला घ्या. मधला ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही.

पण दिवे मरतात ते बहुतेक चार्जिंगच्या भोकातून. रबरी झाकण अर्धवट दाबलेलं राहतं, त्यातून पाणी शिरतं, आणि माणूस घरी आल्या आल्या ओल्या दिव्यालाच केबल खुपसतो. ओलाव्यात वीज खेळली की तांब्याचे पिन हिरवे पडतात. खाडीकाठच्या खारट हवेत हे आणखी लवकर होतं. पावसातून आल्यावर दिवा पुसा, झाकण उघडून भोक खाली करून पंख्याखाली रात्रभर ठेवा, सकाळी चार्ज करा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने फक्त तांदळाची पूड भोकात जाते.

मागचं मडगार्ड नसेल तर ओल्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटरमध्ये दिव्याच्या काचेवर करड्या चिखलाचा थर बसतो. साधं प्लास्टिकचं क्लिप-ऑन मडगार्ड लावलं तर तोच दिवा पूर्ण फेरीभर स्वच्छ राहतो. शंभर लुमेन जास्तीचे विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि रेनकोट: पाँचो किंवा लांब जॅकेटचा मागचा घेर सीटवरून खाली लोंबतो आणि दिवा बरोबर झाकतो. घरातल्या कोणाला तरी पूर्ण पोशाखात मागून फोटो काढायला सांगा. पावसाळ्यात दुसरा दिवा हेल्मेटवरच हवा, तो याचसाठी.

जोडणी: सतरा अंशांची चूक

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. सीटपोस्ट सरळ उभा नसतो; बहुतेक सायकलींवर तो जमिनीशी साधारण ७३ अंशांत मागे कललेला असतो. त्याच्यावर दिवा सपाट बांधला की दिव्याचं तोंड १७ अंश खाली जातं. जमिनीपासून दिवा ८० सेंटीमीटर उंच असेल तर झोताचा मध्य दिव्यामागे जेमतेम अडीच मीटरवर डांबरात शिरतो. १५० लुमेनचा दिवा रस्त्याला दाखवण्यात खर्च!

चांगल्या दिव्याच्या क्लिपमध्येच हा कोन भरून काढलेला असतो. नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा दोन-तीन घड्या करून पट्ट्याखाली, दिव्याच्या खालच्या टोकाशी पाचर म्हणून बसवा. दिवा जमिनीला समांतर, अगदी फार तर एखाद अंश खाली. ट्रकचालक उंच बसतो म्हणून दिवा वर करायची गरज नाही: त्याची नजर सव्वादोन मीटरवर धरली तरी शंभर मीटरवरून तो फरक एक अंशाहूनही कमी असतो.

सीटस्टेच्या तिरक्या दांडीवर लावल्यास उलट होतं, तोंड आभाळाकडे जातं. तिथे कोन बदलता येणारी क्लिपच लागते. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून उजव्या दांडीवर लावा, आणि स्पोक्सपासून बोटभर लांब.

सीटखालच्या बॅगेच्या पट्टीला दिवा अडकवू नका. बॅग भरली की पट्टी सैल पडते आणि दिवा मान टाकतो. बॅग मोठी असेल तर दिवा तिच्या खाली येईल इतका सीटपोस्ट मोकळा आहे का ते मोजा. कमी उंचीच्या माणसांच्या सायकलवर बऱ्याचदा नसतो. मग बॅग लहान करा, किंवा कॅरिअर असेल तर तिथे लावा. काही कॅरिअरच्या मागे ५० किंवा ८० मिलिमीटर अंतरावर दोन भोकं याच कामासाठी दिलेली असतात.

रबरी पट्टा घेताना सीटपोस्टची जाडी बघा. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर ही नेहमीची मापं. एअरो आकाराचा चपटा पोस्ट असेल तर त्यासाठी वेगळं रबर मिळतं. उन्हाने रबर वर्षा-दोन वर्षांत कडक होतं. पट्टा ताणून बघा. कडेला केसासारख्या भेगा दिसल्या तर पुढच्या स्पीडब्रेकरची वाट बघू नका. एक जाड मासेमारीची दोरी किंवा बारीक नाडी दिव्यातून ओवून सीटच्या रेलला बांधली की पट्टा तुटला तरी दिवा लोंबकळतो, मागच्या बसखाली जात नाही.

स्टेशनच्या पार्किंगला सायकल ठेवणाऱ्यांनी झटकन निघणारा दिवा घ्यावा. बॅगेत टाकल्यावर बटण दाबलं जाऊन तो दिवसभर आतच जळतो, ही नेहमीची तक्रार. बटण दोन सेकंद दाबल्यावरच चालू होणारा दिवा असेल तर ती मिटते.

घरी आणल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

१. पूर्ण चार्ज करा. यूएसबी-सी असलेले काही स्वस्त दिवे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, कारण आतले दोन छोटे रोधक कंपनीने वाचवलेले असतात. दिवा बिघडलाय असं समजण्याआधी जुन्या चौकोनी टोकाच्या केबलने बघा.

२. खोली अंधारी करा. दिवा स्थिर मोडवर ठेवून बरोबर एक मीटरवर मोबाइल ठेवा, लक्स, म्हणजे पडणारा उजेड, मोजणारं ॲप उघडा. आकडा लिहा. दर अर्ध्या तासाने पुन्हा. मोबाइलचा सेन्सर काटेकोर नसतो, पण तुलनेला पुरतो. तासाभरात आकडा निम्म्यावर आला तर चमक धरून ठेवणारं सर्किट नाही.

३. तिथेच दिवा ४५ अंश आणि मग ८० अंश वळवून आकडा घ्या. समोर ४० आणि ४५ अंशांत २ आला, तर हा दिवा घोडबंदरचा नाही.

४. बॅटरी पूर्ण संपू द्या. शेवटी तो मंद मोडवर जाऊन तग धरतो की धाडकन विझतो? धाडकन विझणारा एकटा वापरू नये.

५. रात्री एखाद्या शांत गल्लीत कोणाला तरी सायकल धरायला सांगून शंभर पावलं मागे जा. दुसऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या ओळीत तो ओळखू येतो का ते बघा.

दिवा वापरात नसेल तेव्हा निम्मा चार्ज करून ठेवा, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. पाच व्होल्टचा साधा चार्जर पुरे.

पायाच्या घोट्याला चमकणारा पट्टा बांधा. वर-खाली होणारा तो ठिपका सायकलच असल्याचं चालकाच्या लगेच ध्यानात येतं, आणि त्याला चार्ज करावं लागत नाही. कारखान्यातून आलेला लाल रिफ्लेक्टर दिवा लावायला जागा हवी म्हणून काढून फेकू नका, खाली सरकवा.

चालवताना दिवा चालू आहे का हे बघायला मान वळवू नका, तोल जातो. कापूरबावडीच्या सिग्नलला थांबलात की मागच्या रिक्षाच्या काचेत किंवा गाडीच्या बंपरवर खांद्यावरून एक नजर टाका. तिथे लाल ठिणगी उमटलेली दिसते. रस्त्यात बंद शटरांच्या ओळीजवळून जाताना पत्र्यावरही ती सरकताना दिसते. दिसली नाही, तर डावीकडे घ्या आणि उतरून बघा.